जावककाकांची चार अंडी

साडूने तो फोटो भेट दिला नसता, तर जावककाकांनी उभ्या जन्मात पक्ष्यांकडे मान वर करून पाहिलं नसतं. पक्ष्यांचा आणि त्यांचा संबंध एवढाच होता, की वाळत घातलेल्या शर्टावर पक्ष्यांनी जे करायचं ते करावं आणि काकांनी गॅलरीतून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करावा. दोन्ही बाजूंना हे मान्य होतं.

पण काकूंच्या ताईचे यजमान, म्हणजे काकांचे साडू, हे मोठे पक्षीतज्ज्ञ. मोठे म्हणजे, त्यांचा कॅमेरा मोठा. कुठल्याशा बर्फाळ मुलखातून आलेल्या एका लांब चोचीच्या पक्ष्याचा त्यांनी काढलेला फोटो वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत छापून आला, आणि तेव्हापासून त्यांनी जमिनीवरच्या माणसांशी बोलणं जवळजवळ सोडलंच. त्या फोटोची त्यांनी दाराएवढी फ्रेम केली आणि काका-काकूंच्या लग्नाच्या वाढदिवसाला भेट दिली. काकूंनी ती हॉलमध्ये, काकांच्या खुर्चीच्या बरोबर समोर लावली. सकाळी चहाचा कप तोंडाला लावला, की तो पक्षी चोच वर करून काकांकडे बघायचा. साडू बघतात तसंच.

"काढ ना ती फ्रेम," काका एकदा म्हणाले.

"का म्हणून? हॉलला शोभा आहे ती," काकू म्हणाल्या. "तुम्ही काही लावण्यासारखं करा, शेजारी लावते."

झालं. हे काकांच्या जिव्हारी लागलं. माणसाने सगळी नोकरी सरकारी ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर काढावी, आलेल्या टपालावर आवकचा शिक्का आणि जाणाऱ्या टपालावर जावकचा शिक्का मारून मारून मनगट झिजवावं, त्यापायी जावककाका हे नाव पत्करावं, आणि निवृत्तीनंतर बायकोने भिंतीवर लावण्यासारखं काही नाही म्हणावं? अहो, शिक्का कोणी फ्रेम करून लावतं का? नाही लावत. म्हणून काय तो मारायचा नाही?

काकांनी त्याच संध्याकाळी दुर्बीण आणली.

दुर्बीण आणल्याची बातमी काकांच्या आधी जिना चढून वर पोचली आणि सोसायटीत सल्ल्यांचा सुकाळ झाला. सेक्रेटरी म्हणाले, दुर्बीण वापरा, पण खाली बघायची नाही. समोरच्या इमारतीतून आधीच एक तक्रार आहे. काकांनी दुर्बीण अजून खोक्यातून काढलीही नव्हती. विमेवाल्यांनी सांगितलं, डोळ्यांचा विमा वेगळा काढावा लागतो. आणि दातांचे डॉक्टर, जे निवृत्त झाले तरी कोणी हसलं की अजून आत डोकावून बघतात, ते म्हणाले, "सकाळी दात घासून जाऊ नका. पुदिन्याच्या वासाने पक्षी लांब जातात." काकांनी हा सल्ला मानला. पहिल्याच दिवशी पक्ष्यांऐवजी माणसं लांब गेली.

ही सगळी मंडळी म्हणजे काकांचं सकाळचं बाकडं. समुद्राच्या वाळूला लागून, भरतीच्या रेषेच्या वर, एक सिमेंटचं बाकडं आहे. रोज सकाळी थोडं चालायचं आणि पुष्कळ बसायचं, असा त्यांचा व्यायाम. कडेची जागा काकांची. तिथे बसून महागाई, गुडघे आणि सुना या विषयांवर इतकी वर्षं जो विचारविनिमय झाला, त्याने तिघांचंही काही सुधारलं नाही, पण सकाळ छान जायची.

तर वसंत सरत आला होता, ऊन सकाळीच चटकायला लागलं होतं, आणि काका डोळ्याला दुर्बीण लावून वाळूत हिंडत होते. पहिले काही दिवस त्यांनी एक पांढरा पक्षी तासन् तास निरखला. ती पिशवी निघाली. दुसरा एक काळा पक्षी पाण्यात सारख्या बुड्या मारत होता. तो बाहेर आला तेव्हा त्याने टॉवेल मागितला. पण काका चिवट. टपाल उशिरा येतं म्हणून कोणी आवकचं टेबल बंद करतं का?

आणि एक दिवस टपाल आलं! बाकड्यापासून हाकेच्या अंतरावर, वाळू आणि खडी मिसळलेल्या पट्ट्यात, एक टिटवी तुरुतुरु चालत होती. पिवळे पाय, काळी छाती, डोळ्यापुढे लाल चामडं, पुस्तकातल्या चित्रासारखी. ती उडाली, काका पुढे गेले, आणि पायाशी बघतात तो काय, खडीत एक खळगा आणि खळग्यात चार अंडी! करडी, वर काळपट ठिपके, टोकं आत करून नीट मांडलेली. काकांना भरून आलं. आपल्या मुलीच्या जन्माच्या वेळी ते इतके हळवे झाले नव्हते; तेव्हा ऑफिसात वर्षअखेर होती.

इथे कोणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. काकांनी साडूंना फोन लावला.

"टिटवी?" साडू म्हणाले. 'तुम्हाला सर्दी झाली आहे का' असं विचारावं तसा आवाज. "हां, असते ती. सगळीकडे असते."

"घरटं सापडलंय भाऊजी. चार अंडी," काका म्हणाले. "तुमचा पाहुणा फोटोपुरता आला आणि गेला. आमच्याकडे बिऱ्हाड थाटलंय."

पलीकडे बशीत कप आपटल्याचा आवाज आला. मग साडू म्हणाले, "पुढच्या रविवारी आमच्या पक्षीमंडळाला घेऊन येतो. बघू या तुमचं बिऱ्हाड, जावकराव."

फोन ठेवला आणि काका भानावर आले. रविवारपर्यंत ही अंडी टिकायला हवीत! कुत्री आहेत, फुटबॉलवाले आहेत, सेल्फीवाले आहेत. बंदोबस्त हवा, आणि बंदोबस्त म्हणजे अर्ज. या शब्दाने काकांच्या अंगात पुन्हा नोकरीचं वारं शिरलं.

आता गंमत बघा. वाळू भरतीच्या रेषेपर्यंत बंदर खात्याची. रेषेच्या वर पालिकेची. वाळूवरचा पक्षी वन खात्याचा. अंड्याबद्दल दुमत होतं. बंदर खात्यात सांगितलं, अंडं तरंगत असेल तर आमच्याकडे या. पालिकेत विचारलं, पक्ष्याने बांधकामाची परवानगी घेतली होती का? हा विनोद असावा असं काकांना वाटलं, तो नव्हता. पण काकांना कुठल्या टेबलावर किती वेळ उभं राहायचं आणि कुठल्या टेबलावर चहा सांगायचा, हे पाठ. शेवटी त्यांचा अर्ज वन खात्याच्या साहेबांसमोर पोचला.

साहेब तरुण, नव्याने बदलून आलेले. वर्षाचा अहवाल पाठवायची वेळ झाली होती आणि लिहायला काही नव्हतं. काकांचा अर्ज वाचून त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "काका, तुम्ही आजवर कुठे होतात?" असं म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी माणसं पाठवली, खांब ठोकले, दोरी बांधली आणि भला मोठा बोर्ड लावला: 'संरक्षित वीणस्थळ. प्रवेश बंद.' खाली साहेबांचं नाव, अंड्यांपेक्षा मोठ्या अक्षरात. काकांनी एवढीशी दोरी मागितली होती. साहेबांनी अर्धा किनारा वेढला. त्यात बाकडंही गेलं.

सकाळी बाकड्याची मंडळी आली आणि दोरीला अडली.

"हे कोणी केलं?" विमेवाल्यांनी विचारलं.

काका समुद्राकडे बघू लागले, पण बोर्डाच्या कोपऱ्यात 'माहिती देणारे: जावककाका' असं लिहिलेलं होतं. साहेब श्रेय वाटून घेणारे होते, हेही दुर्दैवच.

"टिटवीसाठी आम्हाला हाकललंत?" दातांचे डॉक्टर म्हणाले. "इतकी वर्षं शेजारी बसलो ते काहीच नाही? मीही अंडं घालायला हवं होतं."

"थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे हो," काका म्हणाले.

मंडळी जाऊन गटाराच्या कठड्यावर बसली आणि तिथून काकांकडे पाठ केली. काका एकटेच दोरीशी उभे राहिले. वर पुन्हा उन्हात.

पण एक गोष्ट त्यांना कुरतडत होती. अंड्यांवर कोणी बसत नव्हतं. टिटवी यायची, फिरायची, किडे टिपायची, निघून जायची. काका स्वतःची समजूत घालत होते: लाजाळू असेल, आधुनिक असेल, नोकरी करत असेल. पण शनिवारी सकाळी त्यांच्याने राहवलं नाही. ते दोरीखालून आत सरपटले आणि एका अंड्याला बोट लावलं.

अंडं गार होतं. काकांनी ते उचललं. जड होतं. दुसऱ्या अंड्यावर हळूच टेकवलं, तर टण्ण असा आवाज आला. काकांनी चौथं उचललं तेव्हा त्यांना त्याखाली आइस्क्रीमची काडी दिसली. कुणाच्या तरी पोराने खेळताना चार गोटे नीट मांडून ठेवले होते.

दगडांच्या संरक्षणासाठी तीन खात्यांशी पत्रव्यवहार करणारा मानवजातीतला पहिला मनुष्य वाळूत मटकन बसला.

"सांगून टाका सरळ," घरी काकू म्हणाल्या. "चूक होते माणसाची. ताईला मी फोन करते."

"ताईला?" काका किंचाळले. "म्हणजे साडूला! अगं, तो मरेपर्यंत मला दगड दाखवून अंडं म्हणेल! माझ्या तेराव्यालाही म्हणेल!"

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. काका फ्रेमकडे पाठ करून जेवले.

रविवारी साडू आले. सोबत खाकी टोप्यांचं पक्षीमंडळ, वन खात्याचे साहेब आणि साहेबांचा फोटोग्राफर. साडूंनी तिपाई रोवली, हाताएवढ्या लांब भिंगाला डोळा लावला आणि बराच वेळ तो काढलाच नाही. आता डोळा काढेल, आता हसेल, आता सगळा किनारा हसेल.

साडूंनी डोळा काढला. "अप्रतिम!" ते म्हणाले. "कवचाची झाक बघा. डावीकडचं जरा फिकट आहे, ते आधी फुटेल. जावकराव, मानलं तुम्हाला."

पक्षीमंडळाने माना डोलावल्या. फोटोग्राफरने फोटो काढले. काका आ वासून उभे होते. काय ही नियतीची थट्टा! साडू चारचौघांत तोंडावर आपटला होता, सपशेल आपटला होता, आणि हे जगात फक्त काकांना ठाऊक होतं. सांगावं तर स्वतःचंही नाक त्याच दगडावर आपटणार. इतका मोठा विजय आणि तो गिळून टाकायचा! त्या दिवशी काकांना जेवण गेलं नाही. पोटात जागाच नव्हती.

बरं, अंडी म्हटली की ती कधीतरी फुटायला हवीत. साहेब रोज फोन करून विचारू लागले, "काका, काही हालचाल?" दगड हालचाल करत नाहीत, हे त्यांना कसं सांगणार? शेवटी एका पहाटे काकांनी आत जाऊन चारही गोटे खिशात घातले आणि साहेबांना कळवलं, पिल्लं निघाली, आईमागून चालत गेली. साहेब आनंदाने ओरडले. 'वीण यशस्वी, पिल्लं चार' असा अहवाल दुपारच्या आत वर गेलाही. काकांनी गोटे समुद्रात फेकायला हात उचलला, पण फेकवेनात. इतके दिवस जपले होते हो! त्यांनी घरी नेऊन काचेच्या बशीत वाळू पसरली आणि तिच्यावर ते मांडून शोकेसमध्ये ठेवले. काकूंनी पाहिलं आणि, लग्नाला इतकी वर्षं झाल्यामुळे, काही विचारलं नाही.

दोरी सोमवारी निघणार असं ठरलं. बातमी गटाराच्या कठड्यावर पोचली आणि सगळं निवळलं. "या उद्या बाकड्यावर," दातांचे डॉक्टर स्वतःहून म्हणाले. "दात घासून या." काकांना रडूच यायचं बाकी होतं.

सोमवारी ते सगळ्यांच्या आधी पोचले. आता कसली भीती? खुशाल दोरीखालून आत शिरले, बाकड्याकडे निघाले, आणि आभाळ डोक्यावर कोसळलं. निदान तसं वाटलं. कानठळ्या बसवणारा आरडाओरडा करत काहीतरी वरून आलं आणि त्यांची टोपी उडवून गेलं. काका वळले, तर दुसऱ्या बाजूने दुसरं आलं. टिटव्या! एक सोडून दोन! हात डोक्यावर धरून काका खाली वाकले आणि त्यांना दिसलं. बाकड्याच्या बरोबर खाली, खडीत, चार अंडी. करडी, काळे ठिपके. इतके दिवस तिथे कोणी बसलं नव्हतं. टिटवीने निवांत जागा बघून संसार मांडला होता. हात लावून बघायची काकांना गरज पडली नाही. दगडासाठी कोणी असं डोळे फोडायला येत नाही.

मागून ट्रक थांबल्याचा आवाज आला. साहेबांची माणसं खांब उपटायला लागली. गटाराच्या कठड्यावरून मंडळी फ्लास्क घेऊन बाकड्याकडे निघाली.

"थांबा!" काका ओरडले. "काढू नका! आत अंडी आहेत!"

साहेब ट्रकमधून उतरून हसत पुढे आले. "अहो काका, तुमची पिल्लं गेली ना? फाइल बंद झाली."

"ही दुसरी आहेत."

"दुसरी कशी असतील? परवा आमच्या माणसांनी सगळं बघितलं. काका, माया लागते माणसाला, समजतं मला." आणि त्यांनी माणसांना खूण केली.

"जावक, आता पुरे!" विमेवाले बाकड्याच्या दिशेने पाऊल टाकत म्हणाले. वर टिटवी टाहो फोडत होती. काकांनी तिच्याकडे बघितलं. एवढीशी जात, ओंजळीत मावेल, आणि एका ट्रकवर, एका खात्यावर, चार म्हाताऱ्यांवर तुटून पडत होती. तिला ना साडू होता ना अब्रू. काकांनी डोळे मिटले.

"आधीचे दगड होते!" ते बोलून गेले. "गोटे! मीच मांडून ठेवलेल्या गोट्यांना अंडी समजलो... म्हणजे मी नव्हते मांडले... पण पिल्लं निघालीच नाहीत. मी खोटं बोललो. खरी अंडी ही आहेत. मला काय हसायचं ते हसा, पण त्या बाकड्यावर बसू नका!"

खांब उपटणाऱ्यांचे हात थांबले. मग दातांचे डॉक्टर हसले. मग विमेवाले. मग खांब उपटणारे. काका लालबुंद होऊन उभे राहिले, पण बाकड्याच्या वाटेतून हलले नाहीत.

हसले नाहीत ते फक्त साहेब. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. काकांना बाजूला घेऊन ते कुजबुजले, "काका, असं बोलू नका. दगडांना चार पिल्लं झाली असं मी वर सही करून कळवलंय, असं म्हणायचंय तुम्हाला?"

काकांना एकदम समजलं. जावक झालेला कागद परत येत नसतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? "नाही," ते सावकाश म्हणाले. "पण त्याच जोडीची ही दुसरी वीण आहे, असं पुरवणी पत्र पाठवता येतं."

"येतं," साहेब म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला. "फक्त तज्ज्ञाचा दुजोरा लागेल."

तज्ज्ञ म्हणजे कोण, हे सांगायला नको. काकांनी तिथेच, टोपीविना, साडूंना फोन लावला आणि दगडांपासून आइस्क्रीमच्या काडीपर्यंत सगळं सांगितलं. मग साडू खाकरले.

"हे बघा जावकराव, मला त्याच रविवारी कळलं होतं. पण चारचौघांत तुमचा पाणउतारा कशाला करा? म्हणून अप्रतिम म्हटलं. द्या साहेबांना फोन, सांगतो मी."

दुजोरा मिळाला. खांब परत ठोकले गेले. बाकड्याची मंडळी पुन्हा कठड्यावर गेली, पण या खेपेला काकांना हात धरून सोबत नेलं. दगडांची गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायची होती ना! काका रोज सांगायचे आणि रोज नवीन तपशील घालायचे. मनात मात्र एकच विचार घोळत होता. साडूला खरंच कळलं होतं? आणि कळूनही त्याने आपली लाज राखली? म्हणजे ज्या माणसावर आपण जळत आलो, त्याच्याच उपकाराखाली जगायचं! याच्यापेक्षा तो दगड म्हणून हसला असता तरी परवडलं असतं. काकांची झोप उडाली.

पुढे पिल्लं निघाली, खरीखुरी, काडीसारख्या पायांवर पळणारी चार पिल्लं. ती बघायला साडू ताईंना घेऊन आले, टिटवीने त्यांचीही टोपी उडवली, आणि सगळे काकांकडे चहाला जमले. ताई आणि काकू आत होत्या. साडू हॉलमध्ये आपल्या फ्रेमसमोर जरा उभे राहिले, मग सहज शोकेसकडे वळले आणि थबकले. त्यांनी काच सरकवली, वाळूच्या बशीतला एक गोटा दोन बोटांत अलगद धरला, उजेडाकडे नेला आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"जावकराव, हे बरं नाही हं. अंडी अशी घरात ठेवणं गुन्हा आहे. कुठल्या पक्ष्याची आहेत?"

काकांचा कप हवेतच राहिला. त्यांनी साडूंकडे बघितलं. साडूंचा चेहरा गंभीर, काळजीने भरलेला; थट्टेचा मागमूस नाही. स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन काकू उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि त्या काकांकडे एकटक बघत होत्या. एक शब्द, फक्त एक शब्द काकांच्या ओठांवर येऊन बसला होता.

"चुकलंच भाऊजी," काका म्हणाले. "उद्या परत नेऊन ठेवतो. जरा हळू धरा, नाजूक असतात."

साडूंनी तो गोटा दोन्ही हातांनी बशीत ठेवला. काकूंनी काकांना न मागता दुसरा कप दिला, आणि आज समोरचा लांब चोचीचा पक्षी काकांना तितकासा वाईट वाटला नाही.